समजून घ्या : चाबो कोंबडीच्या चार अंड्यांमागे एक पिल्लू का दगावतं?

इन्क्युबेटरमध्ये १२ फलित अंडी, तापमान ३७.५ अंश, आर्द्रताही बरोबर. तरी २१व्या दिवशी पिल्लं ९च! जपानच्या ‘चाबो’ या बुटक्या (बँटम) कोंबड्या हौसेनं पाळणाऱ्यांना हा हिशेब पाठ असतो. दोष यंत्राचा नाही. ज्या आखूड पायांसाठी चाबो मिरवली जाते, त्या पायांचाच आहे.

पाय आखूड करणाऱ्या जनुकाची एक प्रत मिळाली, तर पिल्लू बुटकं होतं. आई-बाप दोघांकडून मिळाली, तर गर्भ अंड्यातच मरतो, बहुतेकदा पहिल्या काही दिवसांत. म्हणून दोन बुटक्यांच्या जोडीत सरासरी ५० टक्के बुटकी, २५ टक्के लांब पायांची आणि २५ टक्के मृत. कितीही पिढ्या निवड करा, प्रमाण तेच. कारण दोन्ही प्रती असलेला पक्षी जगतच नाही.

मग उपाय? बुटक्या कोंबड्याला लांब पायांची चाबो मादी द्यायची. या जोडीत जनुकामुळे एकही गर्भ जात नाही, आणि बुटकी पिल्लं तरीही निम्मी मिळतात. गंमत म्हणजे प्रदर्शनात लांब पाय हा दोष! त्यामुळे ही पिल्लं काढून टाकण्याचा मोह होतो. पुढच्या हंगामात जोड्या लावताना मात्र शोधाशोध त्यांचीच.