इंद्रजालाचे दप्तर

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने, म्हणजे ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या चालकांनी, ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या नावाने साठ पैसे किमतीचे एक चित्रमय मासिक बाजारात आणले, तेव्हा आपण पुढच्या काळातील संग्राहकांसाठी एक भलेमोठे दप्तर उघडून ठेवीत आहोत, अशी कल्पना त्या कचेरीतील कोणा संपादकाला वा कारकुनाला शिवली असेल, असे मला वाटत नाही. पोरांनी वाचावे, चुरगाळावे, शेजारच्या पोराशी अदलाबदल करावी आणि अखेरीस रद्दीवाल्याच्या तराजूत जावे, एवढीच आयुर्मर्यादा गृहीत धरून काढलेली ही पुस्तिका. परंतु १९९० साली तिची अखेर झाल्यावर आज इतक्या वर्षांनी तिचे सुटे अंक मिळविण्यासाठी पिकल्या केसांची माणसे रविवारची झोप मोडून फुटपाथ धुंडाळताना दिसतात. त्यांपैकी मी एक. शाळकरी वयात जडलेले हे व्यसन निवृत्तीनंतर अधिकच बळावले, आणि घरच्या मंडळींनी त्याविरुद्ध गुदरलेला दावा माझ्या बाजूने निकालात निघाला नसला, तरी तूर्त तहकूब आहे.

या छंदाची कैफियत मांडू लागले की एक आक्षेप हमखास पुढे येतो, तो असा की, हा सारा माल परदेशी, त्यात आपले असे काय? आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. जादूगार मँड्रेकला १९३४ मध्ये आणि ‘फँटम’ला, म्हणजे मराठी वाचकांच्या वेताळाला, १७ फेब्रुवारी १९३६ रोजी जन्म देणारा ली फॉक हा अमेरिकन, वेताळाची चित्रे काढणारे रे मूर, विल्सन मकॉय आणि १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ त्याला आपल्या परिचयाचे रेखीव रूप देणारा साय बॅरी हेही अमेरिकन, आणि या कथांचे हक्क ‘किंग फीचर्स’ या तिकडच्याच संस्थेच्या हाती. परंतु मुंबईत छापलेला अंक आणि अमेरिकन वृत्तपत्रांतील मूळ पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून त्यांची रुजुवात घेण्याची तसदी ज्याने घेतली आहे, त्याला हे दोन दस्तऐवज एक नव्हेत, असेच आढळून येईल, आणि माझ्या संग्रहाचा खरा विषय या दोहोंमधील अंतर हाच आहे.

वृत्तपत्रातील चित्रकथा आडव्या पट्टीची असते. रोज तीन-चार चौकटी, आणि काल काय घडले याची आठवण देणारी किंचित पुनरुक्ती. ती उभ्या पृष्ठावर आणायची, महिनोन् महिने चाललेली कथा अवघ्या २८ पृष्ठांत बसवायची, म्हणजे कात्री हे संपादकाचे मुख्य आयुध ठरणार. चौकटी गाळल्या गेल्या, कुठे कडा कापून अरुंद केल्या गेल्या, कुठे एखाद्या चौकटीचे आभाळ वाढवून जागा भरून काढली गेली. मूळ रोजच्या पट्ट्या काळ्या-पांढऱ्या असल्याने रंगांचा कारभारही इथलाच. पहिल्या १० अंकांत तर वेताळाच्या वाट्याला केवळ १६ पृष्ठे आली आणि उरलेली इतर वाचनीय मजकुराने भरली गेली. त्यामागे पोराने चित्रांची चोपडी मागितली असता आई-बापांच्या कपाळावर उमटणारी आठी पुसण्याचा हेतू असावा, असा माझा तर्क आहे. ही छाटाछाट कलादृष्ट्या क्षम्य होती काय? माझ्या मते बहुधा नव्हती. मकॉयच्या भाबड्या रेषेचे त्यात फारसे बिघडले नाही. साय बॅरीच्या जंगलातील दाट छायांचे मात्र पुष्कळच बिघडले.

याहून महत्त्वाचा फेरफार नावांचा. वेताळाच्या मूळ पुरुषाच्या जहाजावर हल्ला करणारे चाचे मूळ कथेत ‘सिंग’ होते, ते इथे ‘सिंगा’ झाले; वेताळाचा मुलूख मूळचा ‘बंगाला’, तो ‘डेंकाली’ झाला; आणि बापामागून मुलगा अशा चालत आलेल्या वेताळांपैकी विसाव्याचा घात करणारा ‘रामा’ आमच्या हाती पडला तो ‘रामालू’ होऊन. कारण उघड आहे. दुष्टाला रामाचे नाव आणि चाच्यांना सिंग हे उपपद देऊन हिंदुस्थानच्या बाजारात मासिक खपविणे अशक्य नसले, तरी धोक्याचे खासच होते. कोणत्याही सरकारी हुकमाची वाट न पाहता, एका टेबलावर बसून केलेली ही स्वयंस्फूर्त काटछाट, स्वातंत्र्योत्तर काळातील प्रकाशकाच्या सावधपणाचा जितका सरळ पुरावा देते, तितका त्या काळच्या मोठमोठ्या ग्रंथांच्या प्रस्तावनांतूनही क्वचितच मिळतो.

मुखपृष्ठे मात्र निर्विवाद आपली. सुरुवातीच्या बहुतेक अंकांवर बी. गोविंद, म्हणजे गोविंद ब्राह्मणिया, यांनी रंगविलेली चित्रे आहेत, आणि आतील रेखाटनांशी त्यांची तुलना करता, हा चित्रकार आतल्या चित्राची नक्कल करीत नसून कथेतील एखादा प्रसंग स्वतः नव्याने पाहत आहे, हे लगेच ध्यानी येते. घोड्याच्या मानेचा ताण, मशालीचा उजेड एका गालावर पडून दुसरा गाल अंधारात जाणे, वेताळाच्या कवटीच्या गुहेपुढचा ओलसर हिरवा काळोख: हे सारे रंग ब्रशाने भरलेले आहेत. पुष्कळ संग्राहक पहिल्या अंकासाठी जीव टाकतात; मी गोविंदांच्या चांगल्या मुखपृष्ठासाठी क्रमांकाकडे न पाहता पैसे मोजीन.

याच गोविंदांकडे पुढे अधिक मोठे काम आले. पहिले ३२ अंक केवळ वेताळाचे. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर ही मंडळी आलटूनपालटून येऊ लागली. आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंदांनी रेखाटलेला ‘बहादुर’ या पंक्तीत येऊन बसला. बाप भैरवसिंग दरोडेखोर. तो पोलिसांच्या गोळीने मेलेला. आणि ज्या अधिकाऱ्याच्या, विशालच्या, हातून तो मेला त्यानेच पोराला वाढविलेले. सूडाची शपथ घेऊन मोठा झालेला हा तरुण सत्य कळल्यावर दरोडेखोरांविरुद्ध गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने चंबळच्या डाकूंनी शस्त्रे खाली ठेवल्याची वार्ता लोकांच्या स्मरणात ताजी असताना ही कथा अवतरली, हे लक्षात घेतले म्हणजे तिची मुळे कुठल्या मातीत होती ते कळते. अंगात भगवा कुडता आणि खाली जीन्स, हा बहादुरचा वेश आज हास्यास्पद वाटेल. पण कवटीच्या अंगठीवाचून, मुखवट्यावाचून आणि अमरत्वाच्या आख्यायिकेवाचून उभा राहिलेला तो या मासिकातील पहिला देशी कर्ता पुरुष होय, आणि त्याच्या कथा मी वेताळाच्या उत्तरकालीन कथांपेक्षा सरस मानतो.

इंद्रजालाच्या जन्मकाळी त्या कचेरीत काम करणारे अनंत पै १९६७ मध्ये बाहेर पडले आणि इंडिया बुक हाउसच्या साहाय्याने त्यांनी ‘अमर चित्र कथा’ उभी केली, हा इतिहास सुपरिचित असल्याने त्याचा विस्तार करीत नाही. संग्राहकाच्या उपयोगाची बाब एवढीच की, त्या मालेचे पहिले १० क्रमांक पाश्चात्त्य परीकथांनी अडविलेले असल्याने ‘कृष्ण’ हा अंक ११ वा आहे, आणि आपल्याजवळ आधीचे दहा नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी. तो ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी रेखाटला, पुण्याचे प्रताप मुळीक यांनी याच मालेत आपला हात सिद्ध केला आणि १९८६ मध्ये राज कॉमिक्सच्या ‘नागराज’ला प्रथम रूप दिले, दिलीप कदम यांचेही नाव त्यात आदराने घ्यावे लागेल. मराठी चित्रकारांच्या या फळीवर एखादा स्वतंत्र ग्रंथ व्हावयास हवा.

आता मराठी इंद्रजालाविषयी. चित्रे तीच, मात्र बोलफुग्यांतील इंग्रजी अक्षरे काढून तेथे मराठी मजकूर बसवायचा, आणि देवनागरीला वर वेलांटी व खाली उकार यांसाठी अधिक उंची लागत असल्याने वाक्ये आखूड करायची, हा उद्योग ज्या अनामिक लेखनिकांनी वर्षानुवर्षे केला, त्यांची नावे अंकांत कुठेही सापडत नाहीत. माझ्या अनुभवात हेच अंक सर्वांत दुर्मीळ, कारण ते सर्वांत अधिक वाचले गेले. माझ्यासमोर असलेली एक प्रत पाहा. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयाच्या मालकाने मूळ पिना उपटून पाठीला तीन भोके पाडली आहेत आणि जाड दोऱ्याने टाचले आहे, त्यामुळे आतील समासाजवळच्या फुग्यांतले शेवटचे अक्षर शिवणीत गेले आहे. मुखपृष्ठावर जाड तपकिरी कागद डकवून त्यावर शिक्का आणि रोजचे भाडे शाईने नोंदले आहे. कोणा वाचकाने वेताळाच्या प्रेयसीला, डायनाला, मिशा काढल्या आहेत, तर दुसऱ्याने डेंकालीच्या निरभ्र आकाशात त्रैराशिकाचे उदाहरण सोडविले आहे, आणि ते बरोबर आहे. असली प्रत बाजारात कवडीमोलाची. तरीही हे मासिक कोणी, कसे आणि किती आवडीने वाचले याची साक्ष कोऱ्या करकरीत प्रतीला देता येत नाही, ती हीच प्रत देते, असे माझे स्पष्ट मत आहे. दलालांना ते पटत नाही, आणि त्यांच्या धंद्याकडे पाहता पटूही नये.

फेरिस्त करणाऱ्यांसाठी दोन सूचना. क्रमांक १२३ आणि १२४ शोधण्यात आयुष्य घालवू नये. कामगारांच्या संपामुळे ते निघालेच नाहीत. क्रमांक ४४३ नंतर सरळ गणना थांबून ‘खंड २०, अंक १’ अशी नवी वहिवाट सुरू झाली, तेव्हा तेथे खंड पडला असे समजू नये. एकूण निघालेले अंक ८०३ भरतात, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक वेताळाचे आहेत.

राहता राहिला कागद. हा स्वस्त वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातील लिग्निन प्रकाशाने व हवेने पिवळे पडते, आम्लता वाढते आणि पान घडीवर तुटते. पिनांचा गंज भोवतालचा कागद खातो, कसर डिंकाच्या वासाने येते, आणि कोकणातला एक पावसाळा दहा वर्षांचे काम करून जातो. म्हणून वाचकांना विनंती अशी: दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर मराठी इंद्रजाल सापडले, तर ते किलोच्या भावाने देऊ नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. गंजलेल्या पिना अलगद काढा, अंक उभे न ठेवता आडवे ठेवा, आणि प्रत्येकाचा क्रमांक, महिना, किंमत व कथेचे नाव एका वहीत उतरवून ती वही आपल्या गावच्या ग्रंथपालाच्या हाती द्या.