दलदल राखायची कशी?

जो बदकांची शिकार करतो तोच बदकांची राखणही करतो, असे होऊ शकेल का? वर्गात हा प्रश्न टाकला तर बहुतेक मुले एका सुरात ‘नाही’ म्हणतील. पण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असे एक खोरे आहे की तिथे या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. शिकार योग्य की अयोग्य हा वाद घटकाभर बाजूला ठेवू. त्या खोऱ्यातून आपल्याला शिकायचे आहे ते वेगळेच : पाणथळ जमीन जिवंत राहते ती कशाने?

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात सुमारे ४० लाख एकर पाणथळ जमीन होती. नद्यांना पूर येत, पाणी पसरे, उन्हाळ्यात ओसरे. पुढे बंधारे झाले, चर खणले गेले, शेते आली आणि ९० टक्क्यांहून अधिक दलदल नाहीशी झाली. जी उरली तिचा सुमारे दोन-तृतीयांश भाग आज खाजगी मालकीचा आहे, आणि त्यातला बराचसा बदकांची शिकार करणाऱ्या क्लबांचा. त्यांनी तो राखला नसता तर तिथेही भात किंवा कापूस उभा राहिला असता.

या खोऱ्यातल्या लॉस बान्योस गावाच्या आसपासचा प्रदेश ‘ग्रासलँड्स’ म्हणून ओळखला जातो. तिथे पूर्वी मिलर अँड लक्स या कंपनीची गुरांची अफाट कुरणे होती. अशा कुरणांना तिकडे ‘रँच’ म्हणतात. गवत वाढावे म्हणून कालव्याचे पाणी कुरणात सोडत, आणि त्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात बदके उतरत. कंपनीच्या जमिनी विकल्या गेल्या तेव्हा काही पशुपालकांनी घेतल्या, काही शिकारी क्लबांनी. हिवाळ्यात बदके आणि उन्हाळ्यात गुरे अशी वाटणी तिथे रुळली.

आता पूर तर येत नाही. मग पूर येणे आणि ओसरणे माणसालाच घडवून आणावे लागते. जमिनीचे बांध घालून तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी पाणी अडवायच्या फळ्या असतात. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे आठवा, म्हणजे रचना ध्यानात येईल. वसंतात फळ्या एकेक करून काढतात. पाणी हळूहळू उतरते, चिखल उघडा पडतो, ऊन लागून तापतो आणि त्यात वर्षानुवर्षे पडून असलेले बी रुजू लागते. पाणी लवकर उतरवले तर एक वनस्पती उगवते, उशिरा उतरवले तर दुसरी. सावा किंवा बर्टीच्या कुळातले, भरपूर दाणे देणारे पाणगवत हवे असेल तर त्याला उन्हाळ्यात एखाद-दुसरे पाणीही देतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ्या पुन्हा बसवतात, पाणी भरते आणि पिकलेले दाणे पाण्याखाली जातात. उत्तरेकडून आलेल्या बदकांना जेवण तयार!

पाणी किती खोल ठेवायचे? तलवार बदकासारखी बदके बुडी मारत नाहीत. शेपटी वर आणि डोके खाली करून ती तळ चाचपतात. म्हणजे मान पोचेल तेवढेच पाणी हवे, साधारण १० ते २५ सेंटिमीटर. मीटरभर खोल तळे भरलेले दिसते, पण या बदकांना ते उपाशीच ठेवते. हेच तलवार बदक हिवाळ्यात आपल्या नांदूर मध्यमेश्वरलाही येते, तेव्हा ही गोष्ट मुलांना तिथे प्रत्यक्ष दाखवता येईल. हिवाळा सरत आला की बदके दाण्यांपेक्षा कीटकांच्या अळ्या जास्त खाऊ लागतात, कारण परतीनंतर अंडी घालायची असतात आणि त्यासाठी प्रथिने लागतात. कुजणाऱ्या गवताच्या काड्यांवर या अळ्या पोसल्या जातात. तेव्हा कुजके गवतही फुकट जात नाही.

मग गुरांचे काम काय? पाणथळ जागेला मोकळे सोडले की पाणकणीस आणि दाट गवत तिचा ताबा घेते. मोकळे पाणी उरत नाही आणि बदकांना उतरायला जागा राहत नाही. मोकळे पाणी आणि वनस्पती निम्मे निम्मे असले तर पक्ष्यांची विविधता जास्त आढळते. म्हणून उन्हाळ्यात गुरे सोडून गवत मोडायचे. पण अति चराई झाली तर जमिनीवर घरटे करणाऱ्या बदकांना लपायला गेल्या वर्षीचे वाळके गवत राहत नाही. तेव्हा किती गुरे, कोणत्या तुकड्यात आणि केव्हा, याला सारे महत्त्व आहे.

शिकारीवरही बंधने आहेत. हंगाम ठरलेला, दिवसाला एका माणसाला सातच बदके, काही तुकडे विश्रांतीसाठी बंद. १९३४ पासून अमेरिकेत बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते. सुरुवातीला ते एका डॉलरला होते, आज २५ डॉलरला आहे. त्या पैशांतून आजवर सुमारे ६० लाख एकर जमीन राखली गेली आहे. पण शिकारीने नुकसानही केले. बदके दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात आणि ते पेषणीत साठतात. खड्यांबरोबर चिखलात पडलेले शिशाचे छर्रेही पोटात जात, तिथे झिजत आणि बदके विषबाधेने मरत. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरायला १९९१ पासून तिथे बंदी आहे.

याचा आपल्याशी संबंध काय? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती पुन्हा सुरू करा असे आम्ही मुळीच सुचवत नाही. मात्र राजस्थानातले भरतपूरही असेच घडले. तिथली तळी संस्थानिकांनी बांध घालून शिकारीसाठी तयार केली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. शिकार थांबली, राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ साली म्हशींच्या चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, त्यात माणसे दगावली. मग पक्षी वाढले का? पॅस्पॅलम नावाचे पाणगवत माजले आणि मोकळे पाणी झाकले गेले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दशकभर अभ्यास करून निष्कर्ष काढला की म्हशी तिथल्या व्यवस्थेचा भाग होत्या. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी द्यावी लागली.

राखणे म्हणजे हात न लावणे, हा समज दोन्हीकडे खोटा ठरतो. जिथे नदी मोकळी वाहते तिथे पूर आणि कोरड हेच दलदलीचे माळी. त्यांना आपण बांधात अडवले असेल तर ते काम कोणीतरी विचारपूर्वक करायला हवे, आणि ते करणारे हात बहुधा आसपासच्या गावांतलेच असतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. तळ्याच्या काठचा चिखल आणा, मुळे काढून टाका आणि तीन पसरट भांड्यांत दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर द्या. पहिल्या भांड्यात कायम पाच सेंटिमीटर पाणी ठेवा. दुसरे नुसते ओले ठेवा. तिसऱ्यात पंधरा दिवस पाणी ठेवून मग काढून टाका आणि चिखल ओला राहू द्या. दीड महिन्याने कोणत्या भांड्यात किती व कोणती रोपे आली ते मुलांना मोजू द्या. चिखल एकच, मग रोपे वेगवेगळी का, हे त्यांनाच विचारा. आणि शेवटी हेही विचारा की आपल्या गावच्या तळ्याचे पाणी केव्हा चढते, केव्हा उतरते, आणि ते कोण ठरवते.