हणजूणचा तालमय चहा

गोव्यातल्या हणजूणच्या पार्ट्यांचा विषय निघाला की आम्ही म्हापशेकर आधी चहाबद्दल बोलतो. गावातल्या बायका मैदानाच्या कडेला चटया अंथरून बसायच्या. रॉकेलचा दिवा, स्टोव्हवर आल्याचा चहा, शेजारी ऑम्लेट-पाव. नाचून दमलेला परदेशी पाहुणा तिथंच आडवा व्हायचा.

नव्वदच्या दशकात या पार्ट्यांतल्या संगीताला जगानं ‘गोवा ट्रान्स’ म्हटलं. त्यातलं मोठं नाव गोवा गिल, मूळचा सॅन फ्रान्सिस्कोचा. उन्हात तबकड्या वाकायच्या, म्हणून डीजे डॅट नावाची छोटी डिजिटल कॅसेट वापरत. तिचा वेग सहसा बदलता येत नसे, त्यामुळे दोन गाण्यांचे ठोके जुळवणं कठीण. मग गाणीच लांबलचक रचली गेली, सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना नुसते तरंगते सूर. मध्ये मात्र मिनिटाला 140 च्या आसपास ठोके!

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 नंतर उघड्यावरच्या लाउडस्पीकरवर बंधन आणलं. गावाला झोप हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. 2007 मध्ये कांदोळीत ‘सनबर्न’ हा संगीत महोत्सव सुरू झाला. तिथं तिकीट, कुंपण, प्रायोजक. हणजूणच्या मैदानाला फाटक नव्हतं, म्हणून चहावालीलाही तिथं जागा होती. मला हळहळ वाटते ती तिच्या बुडालेल्या धंद्याची.