ड जीवनसत्त्वाचा आकडा वाचताना

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते आणि त्यात तीनेक लिटर रक्तद्रव. तपासणीत ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम निघाले, तर सगळ्या रक्तद्रवात मिळून ते जेमतेम ६० मायक्रोग्रॅम भरते. बारीक मिठाच्या एका कणाचे वजन साधारण तेवढेच! आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जाणे आणि हाडे बळकट राहणे इतक्याशा ऐवजावर अवलंबून असते.

रिपोर्टवर त्याचे नाव ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ असे असते. उन्हातले २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेवर पडले की तिथे ड३ तयार होते. यकृत त्याचे हे २५-हायड्रॉक्सी रूप करते आणि मूत्रपिंड त्यातूनच गरजेपुरते कॅल्सिट्रायॉल बनवते. प्रत्यक्ष काम करते ते कॅल्सिट्रायॉल. मग तेच का मोजत नाहीत? कारण त्याचे अर्धायुष्य काही तासांचे, तर २५-हायड्रॉक्सी रूपाचे दोन ते तीन आठवड्यांचे. शिवाय कमतरता झाली की पॅराथायरॉइड संप्रेरक वाढते आणि मूत्रपिंडाला कामाला लावते. त्यामुळे शिल्लक आटलेली असतानाही कॅल्सिट्रायॉल सामान्य, कधी वाढलेलेसुद्धा दिसते. शिल्लक किती आहे ते २५-हायड्रॉक्सीच सांगते.

आकड्याआधी त्याच्यापुढचे एकक पाहावे. पुण्यातल्या आईचा रिपोर्ट १८ आणि लंडनमधल्या मुलाचा ४५ आला, तर दोघांची पातळी एकच असू शकते. आपल्याकडे बहुतेक लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहितात, ब्रिटनमध्ये नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्याला अडीचने गुणले की दुसरा मिळतो.

‘पुरेसे’ म्हणजे किती, यावर तज्ज्ञांचेही एकमत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ च्या अहवालात म्हटले, की हाडांच्या आरोग्यासाठी २० नॅनोग्रॅम जवळजवळ सगळ्यांना पुरतात. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने ३० ची रेघ आखली आणि २०२४ मध्ये ती स्वतःच मागे घेतली. धडधाकट प्रौढांनी ही तपासणी सरसकट करू नये, असेही तिने सुचवले. अनेक लॅबच्या रिपोर्टवर मात्र ३० ची रेघच छापलेली असते. म्हणून २४ च्या पुढे ‘अपुरे’ दिसले की लगेच घाबरून जाऊ नये. १२ च्या खाली मात्र हयगय नको. तीव्र कमतरता दीर्घकाळ राहिली तर लहान मुलांना मुडदूस होतो आणि मोठ्यांची हाडे मऊ पडून दुखू लागतात.

आकडा एकट्याने वाचायचाही नसतो. गरज वाटल्यास डॉक्टर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड संप्रेरकही पाहतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर आकडा खोटाच वाढलेला येतो. तेव्हा रक्त देण्यापूर्वी लॅबला तसे सांगावे.

साठ हजार युनिटची पुडी म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम. ती साधारणपणे आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच देतात. कोणी ती मनाने रोज घेत राहिले आणि पातळी १५० च्या वर गेली, तर रक्तातले कॅल्शियम चढून उलट्या होतात, मूत्रपिंडालाही इजा होते. उपचारानंतरची फेरतपासणी सहसा तीन महिन्यांनी करतात, कारण पातळी नव्या जागी स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. ती शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी आणि डॉक्टरांकडे जाताना जुन्या रिपोर्टसोबत घेतलेल्या पुड्यांची नोंदही न्यावी. उपचार लागू पडला की नाही, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावरच कळते.