पिक्चर टीव्हीवर, आवाज रेडिओवर!

दादा जपानहून आला की घरातल्यांचं लक्ष त्याच्यापेक्षा त्याच्या बॅगेकडे जास्त असतं. या वेळी बॅगेतून चॉकलेटं निघाली, आजीच्या गुडघ्यासाठी पट्ट्या निघाल्या आणि सगळ्यात खाली, टॉवेलात गुंडाळलेला एक लाल-पांढरा प्लॅस्टिकचा डबा. निन्टेन्डोचा फॅमिकॉम! १५ जुलै १९८३ला जपानमध्ये बाजारात आलेलं, मारिओला घराघरांत नेणारं ओरिजिनल मशीन. दादाला ते जुन्या सामानाच्या दुकानात ‘जंक’ लिहिलेल्या टोपलीत मिळालं होतं. जपानमध्ये ‘जंक’चा अर्थ भंगार असाच नाही, ‘आम्ही चेक केलेलं नाही, चाललं तर तुमचं नशीब’ असाही असतो.

‘लावून ठेव, मी अंघोळ करून येतो,’ दादा म्हणाला. रविवारी त्याची परतीची फ्लाइट होती. हातात सहा दिवस. मला वाटलं, सहा मिनिटं पुरतील!

हा दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घरात त्याच्याकडे ‘व्हिडीओ गेम’ होता. तेव्हा सगळ्यांकडे असायचा तसलाच. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावं, पिवळ्या-काळ्या कॅसेटी आणि कॅसेटवर छापलेलं ‘९९९९९९९ इन १’. प्रत्यक्षात तेच आठ-दहा गेम फिरून फिरून यायचे. मी लहान, म्हणून मला कायम दोन नंबरचा रिमोट. पुढे मशीन मेलं, भंगारवाल्याकडे गेलं. कॅसेटींचा खोका मात्र माळ्यावर राहिला.

आता गंमत ऐका. त्यातले बहुतेक व्हिडीओ गेम हे याच फॅमिकॉमची नक्कल होते. अमेरिकेत निन्टेन्डोने मशीनचा आकार बदलला आणि कॅसेटला ७२ पिना दिल्या. आपल्याकडच्या नकला मात्र जपानी मापाच्या, ६० पिनांच्या. म्हणजे माळ्यावरच्या आमच्या कॅसेटी दादाने आणलेल्या डब्यात चपखल बसणार होत्या. परदेशी पाहुणा म्हणून आणलेला डबा आमच्या घरचाच निघाला. फक्त तो चालू व्हायला हवा होता.

पहिला अडथळा: वीज

जपानी अ‍ॅडाप्टरच्या पिना चपट्या. आमच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये त्या बसल्या नाहीत आणि तिथेच मी वाचलो. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. कन्व्हर्टर पिन लावून तो अ‍ॅडाप्टर तसाच खोचला असता, तर अख्खा हॉल जळक्या वासाने भरला असता.

अ‍ॅडाप्टरवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, डीसी १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर. मनात आलं, राउटरचा ९ व्होल्टचा लावू की! पण लेबलवर एक छोटं चित्रही होतं. मध्ये टिंब, बाजूला अर्धवट गोल आणि टिंबाकडून निघालेल्या रेषेच्या टोकाला वजाचं चिन्ह. म्हणजे या पिनेच्या आतल्या बाजूला मायनस आणि बाहेर प्लस. आपल्याकडचे बहुतेक अ‍ॅडाप्टर याच्या बरोब्बर उलटे असतात. उलटा करंट गेला तर चाळीस वर्षं जुन्या बोर्डाची वाट लागू शकते.

असा ‘आत मायनस’वाला अ‍ॅडाप्टर आणायचा कुठून? उत्तर मिळालं ठाण्याला, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये. गिटारच्या इफेक्ट पेडलचे अ‍ॅडाप्टर अनेकदा ९ व्होल्टचे आणि आत मायनसच असतात! आमच्या कॉलेजच्या बँडमधला गिटारवाला कल्याणला राहतो. त्याच्याकडे एक अँपिअरचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीला फास्ट लोकल थांबते तेवढ्या वेळात त्याने तो दारातून माझ्या हातात कोंबला. फॅमिकॉम आत आलेल्या करंटचे स्वतःच ५ व्होल्ट करून घेतो, त्यामुळे १०ऐवजी ९ चालतात. लावला. जळका वास नाही, धूर नाही. पण या मशीनवर लाइटच नसतो. मग ते चालू झालंय की नाही, हे ओळखायचं कसं?

दुसरा अडथळा: चित्र

जुन्या फॅमिकॉमला एचडीएमआय सोडाच, पिवळी-पांढरी एव्ही वायरसुद्धा नाही. तो टीव्हीच्या अँटेनाच्या भोकातून, एखाद्या चॅनेलसारखा दिसतो. मागे एक खटका असतो, चॅनेल १ की २. ज्या गावात जे चॅनेल रिकामं, ते निवडायचं. पण ही चॅनेल जपानची. आमच्या एलईडी टीव्हीने ऑटो-स्कॅन शंभर टक्के पूर्ण केला आणि सापडलं शून्य.

गुरुवारी दादा आणि मी डबा घेऊन डोंबिवली पूर्वेच्या एका टीव्ही मेकॅनिककडे गेलो. दुकानाच्या अर्ध्या भागात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. उरलेल्या अर्ध्यात काका, एक सोल्डरिंग गन आणि चौदा इंची जुना डबा टीव्ही. काकांनी विचारलं, ‘जपानचं चॅनेल एक म्हणजे किती मेगाहर्ट्झ?’

मी शोधून ठेवलं होतं. ‘९१.२५.’

काका हसले. ‘अरे, हा तर आपला एफएमचा पट्टा! शेजारीच ९१.१ला रेडिओ सिटी लागतं. आपली टीव्ही चॅनेलं इथे नव्हतीच कधी, तुझा टीव्ही शोधणार कुठे?’

मग त्यांनी हिशेब मांडला. जपानी पद्धतीत आवाज चित्राच्या ४.५ मेगाहर्ट्झ वर असतो. म्हणजे ९५.७५. काकांनी फळीवरचा ट्रान्झिस्टर काढला, त्याची एरिअल फॅमिकॉमच्या वायरीला टेकवली आणि काटा हळूहळू सरकवायला लागले. खरखर... खरखर... आणि मग एकदम मारिओचं म्युझिक! दादा अक्षरशः ओरडला. पडद्यावर अजून काहीच नव्हतं, पण मशीन जिवंत आहे हे रेडिओने सांगितलं.

त्यानंतर काकांनी डबा टीव्हीचं ट्युनिंग हाताने फिरवून ९१च्या आसपास आणलं. चित्र आलं, पण भिंगरीसारखं वरखाली पळत होतं. मागचा व्हर्टिकल होल्ड फिरवल्यावर थांबलं. ब्लॅक अँड व्हाइट आणि मुकं. कारण आपली पद्धत पॅल, त्यांची एनटीएससी. रंग पाठवायची रीत वेगळी, आवाजाची जागाही वेगळी. त्यामुळे दहा मिनिटं आम्ही चित्र टीव्हीवर बघत होतो आणि आवाज रेडिओवर ऐकत होतो. दुकानात कव्हर घ्यायला आलेली दोन मुलं कव्हर विसरून उभी राहिली.

रंगासाठी उपाय एकच, अँटेनाचा रस्ता सोडायचा. चित्र तयार करणाऱ्या चिपच्या २१ नंबरच्या पिनमधून थेट व्हिडीओ सिग्नल निघतो. एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन किरकोळ पार्ट लावून काकांनी तो एव्ही वायरीवर घेतला. डब्याला एकही नवं भोक पाडलं नाही; वायर जुन्याच फटीतून बाहेर काढली. मी सवयीने कॅसेटमध्ये फुंकर मारायला गेलो तर हातावर चापटी बसली. ‘थुंकी उडते, पिना गंजतात.’ कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायच्या, हा नवा नियम.

आता नव्या टीव्हींच्या एव्ही इनपुटला सहसा पॅल आणि एनटीएससी दोन्ही कळतात. शनिवारी रात्री आमच्या हॉलमध्ये माळ्यावरची कॅसेट लागली. निळं आकाश, तपकिरी विटा, फुल कलर!

आणि आमच्या घरचा चॅम्पियन दादा पहिल्याच मशरूमला धडकून मेला. परत मेला. तिसऱ्यांदाही मेला. कारण आपल्याकडचे व्हिडीओ गेम पॅल टीव्हीसाठी सेकंदाला ५० चित्रं दाखवायचे. जपानी मशीन ६० दाखवतं. म्हणजे खरा मारिओ सुमारे २० टक्के फास्ट! दादाने लहानपणी पाठ केलेल्या सगळ्या उड्या उशिरा पडत होत्या. शेवटी त्याने एक नंबरचा रिमोट स्वतःहून माझ्या हातात दिला. फॅमिकॉमच्या दोन नंबरच्या रिमोटवर स्टार्टचं बटणच नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दादा रविवारी गेला. मला मात्र ते दुकान सुटलं नाही. निन्टेन्डोने २००३मध्ये फॅमिकॉम बनवणं थांबवलं आणि सुटे पार्ट मिळेनात म्हणून ३१ ऑक्टोबर २००७ला जपानमधली दुरुस्तीही बंद केली. ज्या कंपनीने मशीन बनवलं, तिनेच हात वर केलेत. आता ही मशीनं जगणार ती असल्या काकांच्या हातांवर. आणि काकांकडे हे काम शिकायला कोणी येत नाही, कारण एलईडीचं पॅनल गेलं की लोक दुरुस्त न करता नवाच टीव्ही घेतात.

म्हणून हल्ली रविवारी सकाळी मी तिथे सोल्डरिंग शिकतो. बोटं दोनदा भाजलीत, एक ट्रान्झिस्टर फुकट घालवलाय. गेल्या रविवारी कल्याणचा मित्र त्याचा अ‍ॅडाप्टर परत न्यायला आला, तो त्याच्या बाबांचा बंद पडलेला व्हिडीओ गेम घेऊनच. मी तो काकांसमोर ठेवला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे सरकवला.

‘हा तू उघड.’

जपानहून जुना गेम मागवताय?

• आधी अ‍ॅडाप्टरचं लेबल वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर पिन बदलून चालतो. नुसतं १०० व्होल्ट असेल तर आपल्या सॉकेटला लावू नका.
• ११० व्होल्टचे स्टेप-डाउन कन्व्हर्टर जपानी १०० व्होल्टसाठी नेमके नाहीत. योग्य व्होल्टचा भारतीय अ‍ॅडाप्टर घेतलेला बरा. आत प्लस आहे की मायनस, ते आधी तपासा.
• अँटेनाच्या भानगडीत पडायचं नसेल तर १९९३चा एव्ही फॅमिकॉम किंवा १९९०चा सुपर फॅमिकॉम बघा. दोघांना एव्ही आउट मुळातच आहे.
• एलईडी टीव्हीवर बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडते. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर तो लावा. बंदूकवाले गेम मात्र एलईडीवर चालत नाहीत, त्यांना जुना डबा टीव्हीच लागतो.
• तो डबा टीव्ही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा करंट साठलेला असू शकतो. ते काम मेकॅनिककाकांचंच.