सीमा दूर, धक्का घरात

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नव्या शेडचा पाया खोदायला घेतला, की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत होता. आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थानावरून जाताना तो फाटला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर चढले आणि दख्खनचे पठार घडले. वेरूळचे कैलास लेणे याच दगडात कोरलेले आहे.

हा भूपट्ट अजूनही वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे चालला आहे. भूपट्टांच्या सीमा तीन प्रकारच्या असतात आणि आपल्या भूपट्टाच्या कडेने फिरले तर तिन्ही भेटतात.

पहिली, एकमेकांपासून दूर सरणारी. अरबी समुद्राच्या तळाशी कार्ल्सबर्ग पर्वतरांग आहे. तिथे तळ फाटतो, लाव्हा वर येतो आणि नवा समुद्रतळ तयार होतो. भूकंप होतात, पण उथळ आणि बेताचे. वर वस्तीही नाही.

दुसरी, एकमेकांना घासत जाणारी. पाकिस्तान-अफगाणिस्तानातली चमन भेग या जातीची. इथे ज्वालामुखी नसतात, पण खडक अडकून राहतात आणि ताण साचला की एकदम सुटतात. याच पट्ट्यात 31 मे 1935 रोजी क्वेट्टा शहर कोसळले. तीस हजारांहून अधिक माणसे दगावली.

तिसरी, एकमेकांवर चालून येणारी. हीच सर्वांत घातक. तिचे दोन प्रकार आपल्या दोन टोकांना आहेत. उत्तरेला खंड खंडावर आदळतो. तिथे हिमालय वर उचलला जातो आणि भूकंपापाठोपाठ दरडी कोसळतात. पूर्वेला अंदमान-सुमात्राजवळ समुद्रतळ शेजारच्या भूपट्टाखाली घुसतो. बॅरन बेटावरचा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी त्यामुळेच आहे. याच सीमेवर 26 डिसेंबर 2004 रोजी 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि उसळलेल्या त्सुनामीने दोन लाखांहून अधिक बळी घेतले. त्यानंतर 2007 मध्ये हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले. पश्चिम किनाराही अगदी निर्धास्त नाही. नोव्हेंबर 1945 मध्ये मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

शेंद्रा या सगळ्यांपासून शेकडो कोस दूर आहे. मग इथल्या माणसाने काळजी का करावी?

उत्तर मराठवाड्यातच आहे. हिमालयापाशी अडलेल्या भूपट्टाचा दाब पाठीमागे आतल्या भागापर्यंत पोहोचतो आणि जुन्या, विसरलेल्या भेगांवर साचतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोयनेत 11 डिसेंबर 1967 रोजी अशीच भेग हलली. तिला शिवसागर जलाशयातल्या पाण्याने चालना दिली, असे अभ्यासक मानतात. मराठवाड्यातल्या किल्लारीखालची भेग तर 300 मीटरहून जाड बेसाल्टने झाकलेली होती. वरून तिचा मागमूस नव्हता. तो भाग तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात दाखवलेला होता. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता 6.2. पुढे 2002 च्या नकाशातून पहिले क्षेत्रच काढून टाकण्यात आले.

किल्लारीच्या शेजारी नेपाळचा 2015 चा भूकंप ठेवून पाहू. तो थेट सीमेवरचा, 7.8 तीव्रतेचा. तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे 32 पट होते. या हिशेबाने नेपाळच्या धक्क्यात किल्लारीच्या अडीचशे पट ऊर्जा होती. तिथे सुमारे 9 हजार माणसे गेली. किल्लारी परिसरातल्या बळींचा आकडाही त्याच घरातला आहे, आणि तोही लातूर-धाराशिवच्या मोजक्या तालुक्यांतला.

हा फरक घरांनी भरून काढला. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर दरवर्षी वाढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारी ही घरे हादऱ्यात उभी राहिली नाहीत, कारण भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना आणि कोपऱ्यांना बांधून ठेवणारे काही नव्हते. पुनर्वसनात जोत्याला, दारा-खिडक्यांवर आणि छताखाली सलग काँक्रीट पट्टी घालण्यावर भर आला, तो याच धड्यामुळे.

शहरी इमारतींचा धडा 26 जानेवारी 2001 चा. भूकंप कच्छमध्ये झाला, पण दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कित्येकांचा तळमजला पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता.

2002 च्या नकाशात छत्रपती संभाजीनगर दुसऱ्या, कमी धोक्याच्या क्षेत्रात दाखवलेले होते. याचा अर्थ धोका तुलनेने कमी एवढाच, शून्य नव्हे. हिंगोली परिसरात 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैत 4.5 तीव्रतेचे धक्के बसलेच. सीमेजवळची माणसे वारंवारच्या धक्क्यांनी शहाणी होतात. आपल्याकडे दोन धक्क्यांमध्ये एक-दोन पिढ्या जातात आणि बांधकामातली शिस्त तेवढ्यात विसरली जाते. म्हणून शेंद्र्यात उंच रॅक जमिनीला-भिंतीला पक्के बोल्ट केलेले आहेत का, रसायनांच्या टाक्यांना आधार आहे का, कामगारांच्या वसाहतीतल्या मोकळ्या तळमजल्याचे खांब पुरेसे आहेत का, हे परवानगीच्या कागदावर नव्हे, जागेवर जाऊन तपासावे लागेल. भूपट्टाची सीमा बदलणे कुणाच्याच हाती नाही. खांबातली सळई मात्र आपणच मोजून घालतो.