तीन आकडे काय राखतात?

कार्डाच्या मागचा सीव्हीव्ही कुणाला सांगू नका, हे आता पाठ झाले आहे. पण तो नेमके काय राखतो?

कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सेवा-कोड यांवर बँकेची गुप्त किल्ली चालवली की हे तीन आकडे निघतात. छापील आकडे काढताना सेवा-कोडाच्या जागी ०००, चिपसाठी ९९९, तर काळ्या पट्टीसाठी कार्डाचा खरा कोड धरतात. त्यामुळे तिन्हीकडचे आकडे वेगळे येतात. पेट्रोल पंपावर कुणी पट्टी चोरून वाचली, तरी छापील सीव्हीव्ही त्याच्या हाती लागत नाही. व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानदारानेही तो साठवायचा नसतो.

मात्र बँकेची यंत्रणाच फितली, तर या आकड्यांचे काही चालत नाही. पुण्याने हे पाहिले आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, गणेशखिंड रस्त्यावरच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून हॅकरांनी नकली स्विच, म्हणजे एटीएमच्या विचारणा पुढे पाठवणारी यंत्रणा, उभा केला. एटीएममधून आलेली विचारणा मूळ प्रणालीपर्यंत पोचलीच नाही. नकली स्विच परस्पर होकार देत गेला. बनावट कार्डांवर २८ देशांत सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. देशातही अडीच कोटी गेले. त्यात कोल्हापूरची एटीएमही होती. सोमवारी बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यातून, स्विफ्टमार्गे, आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटींवर. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

तिथे खातेदाराची चूक नव्हती. घरबसल्या होणारी फसवणूक मात्र वेगळी. भारतात ऑनलाइन व्यवहाराला २००९ पासून आणखी एक ओळख लागते, बहुधा ओटीपी. परदेशी संकेतस्थळांवर तो अनेकदा विचारत नाहीत. तिथे क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर भागते. म्हणून परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवावेत, लागतील तेव्हाच सुरू करावेत.

पैसे गेलेच, तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, मग १९३० वर तक्रार नोंदवा. दोष तुमचाही नाही, बँकेचाही नाही आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार भुर्दंड तुमच्यावर पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगून बसलात, तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. अशा वेळी लाजेपायी घालवलेला तासही महागात पडतो.